महिन्यातून दोनदा रत्नागिरीत येणाऱ्या न्यूरो डॉक्टरांची ओपीडी: चार स्टार, एक जिन्यापायी कापला

घाई असेल त्यांनी एवढंच वाचा. डॉक्टर एक नंबर, बसायची सोय भिकार, वेळेला काही धरबंध नाही, फी हजाराच्या आत, आणि ओपीडी दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. न्यूरोच्या ओपीडीला लिफ्ट नाही! ज्यांचा तोल जातो, पाय उचलत नाही, अर्धं अंग गेलंय, तेच लोक इथे येणार ना, आणि त्यांनाच दोन जिने चढायला लावायचे. एक स्टार त्यासाठी कापलाय.

नाव टाकत नाही. डॉक्टर कोल्हापूरचे, महिन्यातले दोन शनिवार आंबा घाट उतरून येतात आणि एका नर्सिंग होममध्ये वर बसतात, रत्नागिरीवाल्यांना कळेल कोण ते. आपल्याकडे न्यूरोचा माणूस मिळणं किती कठीण ते ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला विचारा, नायतर मग कोल्हापूर, मिरज, मुंबई, आणि खालचे सिंधुदुर्गवाले तर सरळ गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलची वाट धरतात.

आम्ही पावसच्या बाजूचे, आंब्याचा धंदा. माझी धाकटी जाऊ तिशीच्या आतली, शाळेत शिकवते आणि सीझनला आमच्याबरोबर पेट्या भरायला बसते. ऐन एप्रिलात तिच्या डाव्या डोळ्याची खालची पापणी फडफडायला लागली. सासूबाई खूश, बाईमाणसाचा डावा डोळा लवतोय म्हणजे शुभ, माहेरून काहीतरी येणार. माहेरून काही आलं नाही, पण ती फडफड पापणीवरून गालावर उतरली, मग ओठाच्या कोपऱ्याशी, मग हनुवटीत. दुखत नाही, खुपत नाही, तोंड वाकडं होत नाही, फक्त चालू. दिवसभर चालू. खाडीच्या संथ पाण्याखालून बारीक मासळी गेली की वर कशी लहर उठते तसं कातडीखालून काहीतरी सरकताना दिसायचं, आणि चार पावलं लांब उभं राहिलं की काहीच नाही, चेहरा साधा. त्यामुळे निम्म्या लोकांचा विश्वासच बसत नव्हता. दिरानं एकदा रात्री ती झोपलेली असताना मोबाईलवर व्हिडिओ काढला तर झोपेत पण गाल चालूच.

गावातल्या डॉक्टरांनी बी-१२ चा कोर्स दिला, चहा कमी करा, झोप घ्या, सीझनची दगदग आहे म्हणाले. ह्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण नुसती पापणी लवणं हे बहुतेक वेळा जागरण, चहा-कॉफी, टेन्शन ह्यातलंच असतं आणि आपोआप जातं, हे पुढे न्यूरोवाल्यांनीही सांगितलं. बाकीच्यांनी जे जे सांगितलं ते विचारू नका. कोणी म्हणालं लकवा येतोय, कानाला फडकं बांधून फिर, कोणी म्हणालं नजर, गाऱ्हाणं घालून झालं, एकीनं तर तिला सांगितलं की तुझ्या मनात काहीतरी कोंडलंय म्हणून चेहरा बोलतोय. शेवटी गावच्याच डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही गेलो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी पंखा बंद करायला लावला. तिला खिडकीच्या उजेडात बसवलं आणि म्हणाले काही बोलू नका, माझ्याकडे बघू पण नका, नुसत्या बसा. आणि स्वतः समोर स्टूल ओढून तिच्या गालाकडे बघत बसले. बघतायत, बघतायतच. बाहेर पंचवीस माणसं खोळंबलीयेत, कंपाउंडर दोनदा दारातून डोकावून गेला, मला वाटलं ह्यांची तंद्री लागली की काय. मग त्यांनी टॉर्च गालाच्या बाजूनं तिरपा धरला आणि त्या तिरप्या उजेडात ती लहर अशी लख्ख दिसली की मी इतके दिवस घरात रोज बघत होते तरी मला पहिल्यांदाच नीट कळलं ती कुठून कुठे जाते. मग डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा, शीळ घाला. शीळ घाला म्हटल्यावर जाऊबाईंना हसू आलं, शाळेत पोरांना हीच बंदी घालते ना. ह्या सगळ्यात खाली ते वळवळणं चालूच. म्हणाले आता मनानं थांबवून बघा. नाही थांबलं. सवयीचे झटके असतात काहींना, डोळा मारल्यासारखे, ते माणूस थोडा वेळ तरी दाबून धरू शकतो म्हणाले, हे तसं नाही. दिरानं काढलेला व्हिडिओ पण नीट दोनदा बघितला. त्यानंतर बोट धरून डोळे डावीकडे उजवीकडे फिरवायला लावले, दोन दोन दिसतं का विचारलं, कारण चेहऱ्याची सातवी नस ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठात, सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालून बाहेर पडते आणि ती सहावी नस डोळा बाहेरच्या बाजूला फिरवते, म्हणजे तिथे काही बिघाड असला तर दोन्हीवर परिणाम दिसू शकतो. हे त्यांनी कागदावर पेनानं काढून दाखवलं, मराठीत. अक्षर मात्र असं की तो कागद नंतर घरी कोणालाच लागला नाही.

फेशियल मायोकिमिया म्हणतात ह्याला. स्नायूंचे अगदी बारीक धागे आळीपाळीने आपोआप आखडत राहतात, बहुतेक चेहऱ्याच्या एकाच बाजूला. तरुण माणसात हे असं एका बाजूचं, सतत चालणारं आणि पापणीपुरतं न राहता खाली पसरलेलं दिसलं तर ब्रेनस्टेममधला पॉन्स म्हणून जो भाग आहे तिथे बघावं लागतं. तिथे सूज असू शकते, क्वचित गाठ असू शकते, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची सुरुवात पण अशी होऊ शकते. हे तिन्ही शब्द त्यांनी तिच्या तोंडावर सांगितले, मला बाहेर बोलावून कुजबुज नाही केली, आणि लगेच हेही म्हणाले की आज मी ह्यातलं काहीच ठरवत नाहीये.

मग प्रश्न. इथे मी चाटच पडले. आधी कधी एका डोळ्यानं धूसर दिसलं होतं का? जाऊ म्हणाली नाही. डोळा फिरवताना आतून दुखायचा का, लाल रंग एका डोळ्यानं फिका दिसायचा का? आणि ही एकदम सरळ होऊन बसली. लग्नाआधी डीएडला असताना असं झालं होतं, लाल पेनानं लिहिलेलं उजव्या डोळ्यानं विटकरी दिसायचं, चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून दिला, काही आठवड्यांत सगळं ठीक झालं आणि नवीन चष्म्याचा गुण आला असं सगळ्यांनी धरून चाललं. गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर पाय लटलटतात का? हो, गेल्या वर्षापासून, म्हणून ती कोमट पाणी घेते, आणि आम्हाला घरात वाटायचं हिला पाणी तापेपर्यंत धीर नसतो. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का? ते नाही. हातापायाला मुंग्या, लघवीची घाई, न झेपणारा थकवा, सगळं एकेक करून विचारलं आणि लिहून घेतलं. एका घरात राहून मला ह्यातलं काही माहीत नव्हतं आणि त्या माणसानं एका बैठकीत काढलं.

बाहेर बसलेलो असताना संगमेश्वरचे एक काका भेटले होते, त्यांचाही चेहराच, पण त्यांचा डोळा कचकन मिटायचा आणि त्याबरोबर त्याच बाजूचं तोंड वर खेचलं जायचं, मग सुटायचं, परत खेचायचं. मी आत गेल्यावर विचारलंच की त्या काकांचं आणि हिचं एकच का. नाही म्हणाले, दुसऱ्या पेशंटचं मी सांगणार नाही पण तुम्ही वर्णन करताय तसल्या झटक्याला हेमिफेशियल स्पाझम म्हणतात, त्यात बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला जिथून ती ब्रेनस्टेममधून बाहेर पडते तिथे टेकलेली असते, बोटॉक्सच्या इंजेक्शननं तीन-चार महिने आराम पडतो, परत घ्यावं लागतं, नाहीतर ऑपरेशन. काकांनी मला हेच सगळं आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे मला डॉक्टरांच्या तोंड बंद ठेवण्याचं आणखीच कौतुक वाटलं.

एमआरआयचं सांगते, ते ह्यांच्याकडे होत नाही, बाहेर करावं लागतं. चिठ्ठीवर ब्रेन आणि मान, विथ कॉन्ट्रास्ट (म्हणजे डाग उठून दिसायला नसेतून औषध सोडून) असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, त्या का मारल्या ते सेंटरवर कळलं. तिथला माणूस म्हणतो कॉन्ट्रास्ट कशाला, पैसे वाचवा, साध्यात दिसतं सगळं. नाही म्हणून सांगितलं. कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीची, रक्ततपासणी लागते, ती कोणी सांगितली नव्हती, त्यात सकाळ गेली. आणि फिल्म दिली पण सीडी नाही, सीडीसाठी परत हेलपाटा. तुम्ही जाल तेव्हा सीडी हातात घेतल्याशिवाय हलू नका, डॉक्टर फिल्म खिडकीला लावून बघत नाहीत, लॅपटॉपवरच बघतात.

रिपोर्टच्या वेळी त्यांनी आमचा नंबर मुद्दाम शेवटी ठेवला, दिराला पण आत बोलावलं, फोन सायलेंटवर टाकला. पॉन्समध्ये डाव्या बाजूला एक डाग, मेंदूत ज्या पाण्याच्या पोकळ्या असतात त्यांच्या कडेने आणखी काही, आणि त्यातला एक कॉन्ट्रास्ट घेऊन चमकणारा, म्हणजे ताजा. जुने आणि ताजे एकाच वेळी दिसणं, आणि वेगवेगळ्या जागी दिसणं, ह्यावरच मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, निदान उभं असतं, त्याचे मॅकडोनाल्ड क्रायटेरिया म्हणून नियम आहेत, २००१ ला ठरले आणि तेव्हापासून सुधारत आलेत. डोळ्याचं ते जुनं प्रकरण ह्यातच बसलं. तरी लगेच शिक्का मारला नाही. अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अशा दोन अँटिबॉडींची रक्ततपासणी करायला लावली, कारण एनएमओ नावाचा एक सारखा दिसणारा आजार आहे आणि एमएसची काही औषधं त्यात उलटी पडतात. पाठीतलं पाणी काढायची सोय इथे नाही, ते कोल्हापूरला करून आलो, त्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे प्रतिकारशक्ती आत खवळल्याची खूण, निघाले. मग सांगितलं, हो, एमएस.

सांगायची पद्धत आवडली. आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते, तिथे सूज येते, मग त्या तंतूतून निरोप नीट जात नाहीत किंवा नको तिथे नको तेव्हा सुटतात, गालाचं वळवळणं हे त्या दुसऱ्या जातीतलं. बहुतेकांना विशी ते चाळिशीत सुरू होतो, बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. थंड देशांत जास्त, आपल्याकडे कमी, म्हणून गावच्या डॉक्टरला पटकन सुचत नाही. संसर्गजन्य नाही, भांडी वेगळी करू नका, हे त्यांनी न विचारता सांगितलं, बहुधा कुठल्यातरी घरात करून झालं असणार. घरी सासूबाईंचं मत की हे मोबाईलमुळे आलेलं नवीन काहीतरी, म्हणून पुढच्या खेपेला त्यांनाच घेऊन गेलो, तर डॉक्टर म्हणाले आजी, १८६८ साली पॅरिसमध्ये शार्को म्हणून डॉक्टर होते त्यांनी हा आजार नीट मांडून ठेवलाय, तेव्हा साधा फोन पण नव्हता. सासूबाई गप्प. असा डॉक्टर पाहिजे.

स्टेरॉइडचा कोर्स त्याच नर्सिंग होममध्ये तळमजल्यावर झाला, मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज एक ग्रॅम सलाईनमधून. तिथल्या सिस्टर फार चांगल्या, ठिबक हळू ठेवतात, साखर आणि बीपी वेळेवर बघतात. ह्या औषधाने तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव येते आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हे आधी सांगून ठेवलेलं म्हणून घाबरायला झालं नाही, लिंबाच्या गोळ्या न्या बरोबर. गाल हळूहळू शांत झाला. इथे डॉक्टर जे बोलले ते लक्षात ठेवण्यासारखं आहे, की स्टेरॉइडने हल्ला लवकर आवरतो, पण पुढचा आजार थांबत नाही, आणि हे मायोकिमिया तर औषध न घेताही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप थांबलं असतं. म्हणजे तुम्ही ती एमआरआयची चिठ्ठी चुलीत घातली असती आणि बी-१२ चा गुण आला म्हणून मोकळे झाला असता, डोळ्याच्या वेळी झालं तसंच.

पुढचे हल्ले कमी करायच्या औषधाचं ठरवताना पहिला प्रश्न काय विचारला, तर मूल हवंय का आणि कधी. मला हे फार आवडलं कारण टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमॉड असली काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत आणि ते नंतर कळून काय उपयोग. गरोदरपणात हल्ले कमी होतात, खास करून शेवटच्या तीन महिन्यांत, आणि बाळंतपणानंतर पहिले तीन महिने सांभाळावं लागतं, हे पण सांगितलं. तिचं ग्लाटिरामरचं इंजेक्शन सुरू झालं, घरीच घ्यायचं, कातडीखाली. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, बाहेर तीस डिग्रीच्या आत महिनाभर चालतं म्हणे, पण आमच्याकडे मे महिन्यात घरात तीस डिग्री कुठली आणायची, आणि वादळ आलं की लाईट दोन-दोन दिवस गायब. म्हणून मासळीवाला थर्मोकोलचा डबा आणि आईसपॅक तयार ठेवलाय. हे त्यांना सांगितलं तर हसले नाहीत, उलट आईसपॅक इंजेक्शनला चिकटू देऊ नका, गोठलं तर फेकून द्यावं लागेल, मध्ये फडकं ठेवा म्हणाले. खर्च हलका नाही हे स्पष्ट सांगितलं, आणि स्वस्तातले पर्याय पण मांडले. शिवाय एमएस हा २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहे आणि मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते, ह्या दोन्ही गोष्टी मला पहिल्यांदा ह्याच ओपीडीत कळल्या.

आता तक्रारी, कारण नुसतं गोडगोड लिहिलं तर तुम्ही म्हणाल डॉक्टर हिचे मामा. जिन्याचं बोलले. वेटिंगची खोली गच्चीच्या खाली, दुपारी भट्टी, दोन पंखे आणि त्यातला एक नुसता आवाजाला. एमएसवाल्यांना उकाडा सोसत नाही, अंग जरा तापलं की जुनी लक्षणं डोकं वर काढतात, त्याला उथॉफ म्हणतात, अंग गार झालं की उतरतं. पूर्वी एमआरआय नव्हता तेव्हा पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून हीच परीक्षा करायचे असं डॉक्टरांनीच सांगितलं. मी म्हटलं सर, तुमच्या वेटिंगमध्ये ती परीक्षा फुकटात होते. तेव्हापासून जावेला आम्ही खाली सिस्टरांच्या खोलीत बसवतो आणि नंबर आला की वर नेतो, पण हे प्रत्येकाला कोण सांगणार? नंबर फोनवर लागतात आणि फोनवरची बाई अशी बोलते की आजारी पडून आपण तिच्यावर उपकार मागतोय. अकराची वेळ दिली तर दीड धरा. डबा न्या.

कोणी जावं? नुसती पापणी लवतेय, जागरण झालंय, परीक्षा आहे, दिवसाला सहा चहा होतायत, त्यांनी आधी झोपा आणि चहा कमी करा, उगाच नंबर अडवू नका. पण एका बाजूचा गाल किंवा हनुवटी दिवसेंदिवस वळवळतेय, झोपेत पण, किंवा त्याबरोबर दोन दोन दिसतंय, चेहरा बधिर वाटतोय, एका डोळ्यानं मधेच कधी अंधुक झालं होतं, तर जा. आणि जाताना व्हिडिओ काढून न्या, बाजूनं उजेड धरून, पंखा बंद करून, निदान एक मिनिटाचा. तुमच्या नंबराला नेमका गाल गप्प बसला तर व्हिडिओ कामाला येईल. जुने चष्म्याचे कागद पण न्या.

गाडी खाली लावायला जागा नाही, एसटीनं जाणं बरं, पावस गाडीनं आलात तर स्टँडवरून रिक्षा. आणि पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली की ओपीडी रद्द होते, ते कोणी कळवत नाही, तेव्हा आदल्या रात्री विचारून घ्या. फोनवरच्या बाईनं उचललं नाही तर खालच्या मेडिकलवाल्याला विचारा, डॉक्टर घाट उतरून साखरप्याला पोचले की नाही हे सुद्धा त्याला माहीत असतं.